छडीवाचून शाळा : बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत तथागत बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, क्रांतिज्योती सावित्रीबाई, राजर्षी शाहू महाराज आणि विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची चरित्रे वाचण्याची वाचकांना सवय आहे आणि ते योग्यच आहे. या वेळी मात्र एका शिक्षिकेचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे ठरविले. त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला, शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते; पण आपल्या वस्त्यांमध्ये त्यांचे नाव फारसे कोणी उच्चारत नाही. असे असले तरी त्यांच्या प्रयोगातून पुढे आलेला एक शब्द धाराशिव जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात रोज उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे अंगणवाडी, आणि त्या शिक्षिका म्हणजे ताराबाई मोडक.

हे चरित्र निवडण्यामागे एक कारण आहे. दरवर्षी जून महिन्यात पालक आपले मूल वसतिगृहात आणून सोडतात. पत्र्याची पेटी, अंथरूण आणि चार कपडे खोलीत ठेवून झाले की, जाता जाता अनेक माय-बाप गुरुजींना हात जोडून एकच गोष्ट सांगतात : हाडे आमची, कातडे तुमचे, हवे तितके मारा, पण पोराला शहाणे करा. या बोलण्यात क्रूरता नसते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवल्या गेल्या, त्यांना विद्या ही काही मोठी किंमत मोजूनच मिळते असे वाटणे स्वाभाविक आहे. पैसा नाही, तेव्हा निदान लेकराच्या अंगावरच्या वळांनी तरी ती किंमत चुकती व्हावी, असा तो भाबडा हिशोब असतो. हा हिशोब चुकीचा आहे, हे ताराबाईंनी सुमारे पन्नास वर्षे प्रत्यक्ष काम करून दाखविले. म्हणून हे चरित्र.

घडण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी इंदूर येथे झाला. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा त्या केवळ एका वर्षाने लहान. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे. मुलीने शिकणे हे त्या काळच्या उच्चवर्णीय घरांतही सहज घडणारे नव्हते. परंतु केळकरांच्या घरात त्याला विरोध नव्हता. ताराबाईंचे शालेय शिक्षण मुंबईत झाले आणि १९१४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ताराबाई पदवीधर झाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १९१३ साली, बाबासाहेब अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. एकाच काळातील ही दोन बालपणे समोर ठेवली म्हणजे या देशाचे चित्र स्पष्ट दिसते. एका बालपणाला घराचा आधार होता आणि शाळेचे दार उघडे होते. दुसऱ्या बालपणाला वर्गात वेगळे बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागत होते, आणि वरून कोणी पाणी ओतल्याशिवाय तहान भागत नव्हती. शाळेत मुलाला होणारी शिक्षा ही नेहमी छडीनेच होते असे नाही, हे बाबासाहेबांच्या बालपणाने आपल्याला शिकविले आहे. आपल्याकडील जुनी माणसे सांगत की, अस्पृश्य मुलाला मारावयाचे झाले तरी विटाळ होऊ नये म्हणून मास्तर दुरून काठी फेकून मारीत. मार आणि अपमान या दोन्हींचा मारा एकाच वेळी सोसणारी ती मुले होती. म्हणून शारीरिक शिक्षेचा प्रश्न हा आपल्या समाजासाठी केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. तो माणूस म्हणून मिळणाऱ्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

पदवीनंतर ताराबाईंचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. त्यांना प्रभा नावाची मुलगी झाली. हा संसार टिकला नाही. १९२१ साली पतीपासून वेगळे होऊन त्या लहानग्या मुलीसह स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. त्या काळी पतीचे घर सोडलेल्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे सांगावयास नको. पुढे राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षण संस्थेत त्यांना प्राचार्यपद मिळाले. पगार चांगला होता, मानही होता. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. स्वतःच्या मुलीला वाढविताना लहान मुलांच्या मनाविषयी त्यांचे कुतूहल जागे झाले होते, आणि त्या कुतूहलाने त्यांना भावनगरला नेले.

भावनगर : भीतीशिवाय शिकण्याचा प्रयोग

भावनगर येथे दक्षिणामूर्ती ही संस्था १९१० पासून कार्यरत होती. तेथे गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ वकिली सोडून शिक्षणक्षेत्रात आले होते. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विचारातून त्यांनी इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे लेखन वाचले आणि १९२० साली भावनगरात बालमंदिर सुरू केले. माँटेसरी या मूळच्या डॉक्टर. १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले होते. मूल हे रिकामे मडके नाही, त्याला आतूनच शिकण्याची ओढ असते, योग्य साधने आणि मोकळे वातावरण मिळाले तर ते स्वतःहून एकाग्र होते, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता.

१९२३ साली ताराबाई भावनगरला आल्या आणि सुमारे नऊ वर्षे तेथे राहिल्या. त्या बालमंदिरात छडी नव्हती. इतकेच नव्हे, तर शिक्षेबरोबर बक्षीसही नव्हते. यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. शिक्षेच्या भीतीने केलेले काम आणि बक्षिसाच्या लोभाने केलेले काम, या दोन्हींत मुलाचे लक्ष कामावर नसते. एकात ते मास्तरांच्या हाताकडे असते, दुसऱ्यात मास्तरांच्या खिशाकडे. धाक किंवा लालूच दूर झाली की कामही थांबते. उलट, ज्या मुलाला कामातच गोडी लागली, त्याच्यामागे कोणी उभे राहावे लागत नाही.

ज्या वर्षांत भावनगरात हा प्रयोग चालू होता, त्याच वर्षांत आपल्या शेजारच्या सोलापुरात दुसरा एक प्रयोग सुरू झाला होता. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ साली झाली आणि १९२५ च्या आरंभी सभेने सोलापूर येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. मुलाला शाळेपर्यंत पोहोचविणे हा बाबासाहेबांपुढचा प्रश्न होता. शाळेत पोहोचलेल्या मुलाला शाळेने कसे वागवावे, हा ताराबाईंपुढचा प्रश्न होता. आपले निवासी विद्यालय या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच छपराखाली देण्यासाठी उभे आहे, हे आपण विसरता कामा नये.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाचे मुखपत्र शिक्षणपत्रिका हे आधी गुजरातीत निघत असे. १९३३ पासून ते मराठीतही निघू लागले. पालकांनी मुलांशी कसे वागावे, हट्ट म्हणजे काय, भीती कोठून येते, खोटे बोलणाऱ्या मुलाला खोटे का बोलावे लागते, अशा साध्या वाटणाऱ्या प्रश्नांवर मराठी घरांत गंभीरपणे विचार होऊ लागला, त्यात या पत्रिकेचा मोठा वाटा आहे. १९३६ साली मुंबईत दादर येथे ताराबाईंनी शिशुविहार सुरू केले. बालवाडीच्या शिक्षिका घडविण्याचे कामही त्यांनी हाती घेतले, कारण पद्धत कितीही चांगली असली तरी ती अखेर शिक्षकाच्या वागण्यातूनच मुलापर्यंत पोहोचते. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले आणि कार्याची धुरा ताराबाईंच्या खांद्यावर आली.

बोर्डी : शाळा अंगणात गेली

दादरच्या शिशुविहारात मध्यमवर्गीयांची मुले येत. माँटेसरीची साधने महाग होती आणि ती ठेवण्यासाठी प्रशस्त जागा लागे. रोमच्या कामगारवस्तीत जन्मलेली पद्धत भारतात येईपर्यंत सुखवस्तू घरांची झाली होती. ताराबाईंना ही गोष्ट बोचत होती. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जेव्हा माणसे निवृत्तीचे विचार करू लागतात, तेव्हा त्यांनी मुंबई सोडून खेड्यात जाण्याचा निर्णय घेतला.

२४ डिसेंबर १९४५ रोजी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील, आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या गावी त्यांनी बालवाडी सुरू केली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली होती, हाही इतिहासातील एक लक्षात ठेवण्याजोगा योग आहे. बोर्डीत ताराबाईंना अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी मिळाली. अनुताईंचे लग्न बालवयात झाले होते आणि लग्नानंतर थोड्याच महिन्यांत त्यांना वैधव्य आले होते. त्यांनी जिद्दीने शिक्षण घेतले, शिक्षिका झाल्या आणि बोर्डीला आल्यानंतर उरलेले सारे आयुष्य या कामाला दिले.

बोर्डीच्या बालवाडीत गावातली मुले येऊ लागली. पण अस्पृश्यांच्या वस्तीतली मुले येईनात. कारण स्पष्ट होते. गावाच्या मनातली रेषा बालवाडीच्या दारापाशीही पुसली गेली नव्हती. अशा वेळी बहुतेक शिक्षक मुलांना आणि त्यांच्या पालकांना दोष देऊन मोकळे होतात. ताराबाईंनी वेगळा मार्ग धरला. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे त्यांनी ठरविले. वस्तीतल्या घरासमोरचे अंगण झाडून घेतले, तेथेच मुलांना जमविले आणि तेथेच बालवाडी भरू लागली. अंगणात भरणारी बालवाडी म्हणून अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने देशातील ३३ प्रकल्पक्षेत्रांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. ज्या शब्दाने आज देशभरातील बालकांची केंद्रे ओळखली जातात, त्याची एक जन्मखूण बहिष्कृतांच्या वस्तीतल्या अंगणात आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

ताराबाई सुधारक उच्चवर्णीय परंपरेतून आल्या होत्या आणि गांधीजींच्या ग्रामसेवेच्या विचाराचा त्यांच्यावर प्रभाव होता. अस्पृश्यतेच्या प्रश्नाकडे पाहण्याची ती दृष्टी आणि बाबासाहेबांची दृष्टी यांत मोठे अंतर आहे. ते अंतर झाकण्याचे कारण नाही. मात्र इतिहास लिहिताना माणसाच्या कामाची नोंद प्रामाणिकपणे घ्यावी लागते. आपल्या लेकरांना हात लावण्यास समाज कचरत होता, त्या काळात ज्या बाईने त्यांना न्हाऊ घातले, त्यांची नखे कापली आणि मांडीवर घेऊन गाणी शिकविली, तिची नोंद आपण घेतली नाही तर तो आपलाच करंटेपणा ठरेल.

बोर्डीत महागडी साधने नव्हती. ताराबाई आणि अनुताई यांनी शिंपले, बिया, पाने, खडे, माती, काड्या यांचीच साधने केली. चिंचोके मोजता मोजता अंक आले, पानांचे आकार लावता लावता डोळा तयार झाला. गरिबाच्या शाळेला साधने नाहीत म्हणून तेथे घोकंपट्टी आणि छडीच चालणार, हा समज त्यांनी खोटा ठरविला.

कोसबाडची टेकडी

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्यही होत्या. पण त्यांचे मन बालकांच्या कामातच होते. १९५७ साली संस्थेचे काम बोर्डीजवळच्या कोसबाड येथील टेकडीवर नेण्यात आले. हा वारली आदिवासींचा प्रदेश. सावकार आणि जमीनदार यांच्या जाचाखाली पिचलेल्या या लोकांना शाळा ही परक्यांची गोष्ट वाटे. मोठी मुले गुरे राखत, मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. अशा मुलाला हजेरीपटावर गैरहजर लिहून दुसऱ्या दिवशी छडी मारणे हा तेव्हाच्या शाळांचा सोपा उपाय होता. परिणाम असा होई की, एक दिवस बुडविलेले मूल माराच्या भीतीने दुसरा दिवसही बुडवी, आणि काही दिवसांनी शाळाच सोडून देई.

ताराबाईंनी गैरहजेरीचे कारण शोधले. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मुलगी येत नाही, तर पाळणाघर काढले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असलेली विकासवाडी उभी राहिली. मुलीने भावंडाला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळण्यात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. गुरे राखायची म्हणून मुलगा येत नाही, तर शिक्षकच कुरणात गेला आणि कुरणशाळा भरली. गुरे चरत आहेत आणि मुले झाडाखाली शिकत आहेत. दिवसा जमत नाही त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग झाले.

या साऱ्याकडे बारकाईने पाहिले म्हणजे शिक्षेला पर्याय काय, या प्रश्नाचे उत्तर मिळते. शिक्षेला पर्याय म्हणजे दुसरी सौम्य शिक्षा नव्हे. छडीऐवजी अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे, उन्हात थांबविणे किंवा वर्गासमोर पाणउतारा करणे हा पर्याय नव्हे. मुलाच्या वागण्याचे कारण शोधणे आणि ते कारण दूर करणे हाच खरा पर्याय. हे काम छडीपेक्षा कठीण आहे, त्याला वेळ लागतो आणि शिक्षकाला आपली खुर्ची सोडून मुलाच्या घरापर्यंत चालत जावे लागते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अनुताईंनी हे काम १९९२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्याच निष्ठेने पुढे चालविले.

भगवान बुद्धांची पद्धत

ताराबाईंचा मार्ग आपल्या धम्मपरंपरेला परका नाही. भगवान बुद्धांचा पुत्र राहुल लहान वयातच संघात आला, असे परंपरा सांगते. खोटे बोलण्याविषयी राहुलाला उपदेश करावयाचा होता, तेव्हा बुद्धांनी हात उगारला नाही की त्याला भिक्षूंसमोर लज्जित केले नाही. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी त्यांनी त्याला दाखविले, मग ते पाणी ओतून दिले, मग भांडे पालथे घातले, आणि खोट्याची लाज न वाटणाऱ्याचे जीवन कसे उणे, टाकाऊ आणि रिते होते, हे त्या भांड्यावरून समजाविले. त्यानंतर आरशाचा दाखला देऊन प्रत्येक कृतीच्या आधी, कृती करताना आणि कृतीनंतर स्वतःला तपासून पाहण्यास शिकविले. बाहेरच्या धाकाच्या जागी आतला विवेक उभा करणे, हीच ती पद्धत. शिवाय राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनांनी विनंती केली म्हणून, माता-पित्यांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला संघात घेऊ नये असा नियमही बुद्धांनी केला. मूल आणि त्याचे पालक यांच्या भावनेचा एवढा विचार त्या काळी झाला होता.

याच्या उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जातककथांत तिलमुट्ठि नावाची एक कथा आहे. तक्षशिलेत शिकणारा एक राजपुत्र म्हातारीचे तीळ चोरून खातो, आचार्य त्याला पाठीवर छड्या मारतात आणि तो राजा झाल्यावर सूड घेण्याच्या विचाराने आचार्यांना बोलावून घेतो. कथेच्या शेवटी आचार्यांच्या छडीचे समर्थनच आलेले आहे. म्हणजे आपल्याही वाङ्मयात छडीची बाजू घेणारे होते. परंतु त्याच कथेने एक सत्य नकळत नोंदवून ठेवले आहे : ते वळ पाठीवरून गेले, तरी मुलाच्या मनातून कित्येक वर्षे गेले नाहीत. ग्रंथात आहे म्हणून नव्हे, तर बुद्धीला आणि अनुभवाला पटते म्हणून स्वीकारावे, ही शिकवण आपल्याला मिळालेली आहे. त्या कसोटीवर राहुलाला दिलेला धडा टिकतो, छडी टिकत नाही.

आजचे ज्ञान आणि आजचा कायदा

ताराबाईंनी अनुभवातून जे जाणले, त्याला पुढील संशोधनाने दुजोरा दिला आहे. अमेरिकेतील एलिझाबेथ गेर्शॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांना चापट मारण्याविषयी पन्नास वर्षांत झालेल्या संशोधनाचा एकत्रित अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १,६०,००० मुलांची माहिती होती. मार खाल्ल्याने मुले अधिक आज्ञाधारक होतात असे त्यात आढळले नाही. उलट आक्रमकता, समाजविघातक वर्तन आणि मानसिक त्रास यांच्याशी माराचा संबंध दिसून आला. भ्यालेल्या मुलाचे सारे लक्ष स्वतःला वाचविण्यात गुंतते. गणिताला आणि व्याकरणाला ते उरत नाही. मार चुकविण्यासाठी ते खोटे बोलते, आणि ज्याच्या हाती बळ त्याने दुबळ्याला मारावे हा धडा मनात घेऊन धाकट्यांवर हात उगारते. ज्या समाजाने बळाच्या याच न्यायाचे चटके हजारो वर्षे सोसले, त्याने तो आपल्या मुलांना शिकवावा, ही केवढी शोकांतिका.

आपल्या देशात हा प्रश्न किती पसरलेला आहे, हे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातून दिसते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ल्याचे त्या पाहणीत सांगितले होते. स्वीडनने १९७९ साली घरातही मुलांना मारण्यास कायद्याने बंदी केली. असे करणारा तो जगातील पहिला देश. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ साली झाला आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई असून, असे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. पालकाने संमती दिली म्हणून ही मनाई उठत नाही. हाडे आणि कातडे, दोन्ही त्या मुलाचीच आहेत, असेच जणू या कायद्याने सांगितले आहे.

एक कबुली

हे लिहीत असताना स्वतःला बाजूला ठेवणे मला जमले नाही. सेवेच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका शाळेत, मीही छडी वापरली आहे. सातवीतील एक मुलगा लागोपाठ तीन दिवस उशिरा आला आणि त्याचा गृहपाठही झालेला नव्हता. मी त्याच्या दोन्ही हातांवर छड्या मारल्या. तो रडला नाही, काही बोललाही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. आठवड्याने त्याच्या वस्तीवर गेलो तेव्हा कळले की, आई-वडील कोयता घेऊन ऊसतोडीला गेले होते, आजी आजारी होती आणि धाकट्या बहिणीला भाकरी करून घालून मग तो शाळेत येत होता. मी त्याला परत बोलाविले. त्याने मान हलविली, पण तो आला नाही. त्या हंगामात तोही टोळीबरोबर गेला.

तेव्हा मी इतिहासात एम. ए. होतो, शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याजवळ होती, आणि कोसबाडची विकासवाडी मी परीक्षेसाठी पाठही केली होती. बहिणीला सांभाळणारा भाऊ उशिरा येतो, हे मात्र मला समजले नव्हते. त्या दिवसानंतर मी छडी हातात घेतली नाही. पण एका मुलाची शाळा माझ्या हाताने सुटली, ती सुटलीच.

आपले विद्यालय निवासी आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे. गावातल्या शाळेत मार खाल्लेले मूल संध्याकाळी आईच्या कुशीत तरी शिरते. वसतिगृहातल्या मुलाला ती कूस नसते; ज्या हाताने मारले त्याच हाताने वाढलेले जेवण त्याला जेवावे लागते. म्हणून येथे काही गोष्टी नित्याच्या व्हाव्यात. मूल चुकले तर आधी त्याला एकांतात बसवून, काय झाले ते शांतपणे विचारावे. ते उपाशी आहे का, झोप झाली आहे का, आजारी आहे का, घरची आठवण येते आहे का, कोणी मोठा मुलगा त्रास देतो आहे का, हे पाहावे. त्याने काही मोडले असेल तर ते दुरुस्त करण्यास, कोणाला दुखावले असेल तर त्याची समजूत काढण्यास त्याला मदत करावी. वसतिगृहाचे नियम मुलांच्या सभेत, मुलांच्या संमतीने व्हावेत. स्वतः केलेला नियम मूल सहसा मोडत नाही. मस्तीखोर मुलाच्या हाताला काम द्यावे. आणि शिक्षकाला राग अनावर झाला, तर त्याने वर्गातून दोन मिनिटे बाहेर जाऊन शांत व्हावे. यात कमीपणा नाही. आनापानसती आपण मुलांना शिकवितो, ती आधी आपल्यासाठी आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थीदशेत मार खाल्ला असेल आणि त्यानेच आपण घडलो असेही कित्येकांना वाटत असेल. आपण घडलात ते आपल्या जिद्दीने, आई-वडिलांच्या कष्टांनी आणि बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या हक्कांनी. जे माराने शाळा सोडून गेले, ते आज ही स्मरणिका वाचावयास येथे नाहीत. त्यांची आठवण ठेवावी.

पालक बंधू-भगिनींनो, येत्या जूनमध्ये लेकराला सोडावयास याल, तेव्हा गुरुजींना एवढेच सांगावे की, हे आमचे मूल आहे, याला समजून घ्या. बोर्डीच्या त्या अंगणात ताराबाईंनी एवढेच केले होते. आपल्या विद्यालयाच्या अंगणातही ते घडावे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.

भवतु सब्ब मंगलम्‌.